मेलेल्याची साक्ष

—नाही गं मीनाक्षी, सिनेमा वाईट नाही, बिल्कुल नाही — मुनिरक्याच्या तुम्ही पोरापोरींनी एवढी धडपड करून इथे पहाडगंजला आपल्या मराठी मंडळात जपानी सिनेमा आणलात, आणि मी मध्येच उठून बाहेर पायरीवर येऊन बसले, वाईट वाटलं असेल तुला — पण एक माणूस मेला आणि सांगणारा जो तो वेगळंच सांगतो, हेच ना त्यात? ते मी इथे येऊन कशाला बघू? आमच्या गाझियाबादच्या घरात रोजच चालू असतं.

आमचे हे कसे गेले, ठाऊक आहे? — अच्छा, पडले, एवढंच कानावर आलंय. मिनिस्ट्रीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं. नचिकेत, मुलगा माझा, नव्या परदेशी कंपनीत लागलेला, त्याच्या हौसेनं नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. बाल्कनीला कठडा बसायचा होता अजून. बिल्डरचा माणूस पोलिसांना म्हणाला, कठडा होता, यांनीच काढला — धडधडीत खोटं! नचिकेत बाल्कनीच्या दारातच होता. तो म्हणतो, बाबा कपडे वाळत घालताना घसरले. रेवती, मुलगी, तेव्हा आतल्या खोलीत. ती म्हणते, बापलेकांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं — यांना गावी परत जायचं होतं ना — दादा म्हणाला, 'इथे आता तुमचं काही चालायचं नाही', आणि बाबांनी आपणहून पाऊल टाकलं. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. राखी नाही, भाऊबीज नाही. पोलीस अपघात म्हणाले, मोकळे झाले. मी? मी नचिकेतकडे राहते — मग घसरले म्हणायचं. रेवती आली की तिच्यापुढे मान हलवायची. कोणाला खोटं पाडू? दोघं माझ्याच पोटची.

त्या सिनेमात तर मेलेलासुद्धा येऊन बोलतो — तिथेच उठले मी. आमचे हे कुठे आले बोलायला? पण मला माहीत आहे, पडताना त्यांनी हाक मारली. 'हेमा' — अगदी स्पष्ट. म्हणजे पायच घसरला, नाही का? जीव द्यायला निघालेला माणूस बायकोला हाक मारेल का? तेवढ्यावर तर मी — काय? मी कुठे होते? स्वयंपाकघरात. चटणी वाटत होते. — पाट्यावर कुठली गं, मिक्सरवर. हो, चालू होता. दारही लोटलेलं होतं. तरी ऐकू येतं की! जन्मभराची सवय कानाला, नवऱ्याची हाक ती — येतं ऐकू. यायलाच —

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. आत जा तू.