आईच्या हाताचा कॅमेरा

(ऑस्ट्रेलियातलं लिझमोर. शाळेच्या हॉलमध्ये जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार. विक्रेता क्लाइव्हच्या टेबलापाशी ग्लेनिस आणि तिचा धाकटा भाऊ डेस.)

ग्लेनिस : ठेव तो खाली. शोकेस सजवायला आलो नाही आपण.

डेस : अगं, चमक बघ ना. पेपरसाठी फोटो काढायला आई असाच घेऊन फिरायची.

ग्लेनिस : आईच्याला पोचे होते, कडेला चिकटपट्टी होती. पुरात गेला तेव्हा तू ब्रिस्बेनला होतास. गाळ मी उपसला. मला सांगू नकोस तो कसा होता.

क्लाइव्ह : फिल्म कुठली घालणार?

ग्लेनिस : झटपट फोटोची. आईच्या डोळ्यांसमोर उमटायला हवा. धुवायला दिला तर काढल्याचंच विसरेल. हा त्या फिल्मचा खोका, कॅमेऱ्याच्या मागे लागतो. लावून दाखवा.

क्लाइव्ह : ह्याला नाही लागणार, बाई. मागची काच स्प्रिंगवर आहे, निघत नाही. साध्या फिल्मची पातळ पट्टी तेवढी आत सरकते.

डेस : थोडं कापलं तर? करवत आहे माझ्याकडे.

ग्लेनिस : ऐकलंत? करवत.

क्लाइव्ह : तो खालचा बघा. काच निघते. हा बसला खोका.

डेस : हा? कुत्र्यानं चावून टाकल्यासारखा दिसतोय.

ग्लेनिस : दिसू दे. नेम बाजूच्या खिडकीतूनच धरायचा ना? दोन चित्रं एकावर एक आली की दाबायचं. आईला तेवढंच आठवतं.

क्लाइव्ह : तिथंच घोळ आहे. खोका लावला की फिल्म दोन बोटं मागे जाते. खिडकीत सगळं स्पष्ट, फोटो मात्र धुरकट. मागची काचही चौकट घालून तेवढीच मागे न्यायची आणि तिच्यावर बघूनच जुळवायचं.

ग्लेनिस : काचेवरचं दिसत असतं तर रडले असते का मी? डोळे गेलेत तिचे.

डेस : म्हणजे सकाळ फुकट. मी म्हटलं होतं, फोनवर काढू.

ग्लेनिस : दे तिच्या हातात फोन. उलटा धरते आणि ओशाळते. वृद्धाश्रमातली नर्स हसते, मग तूही हसतोस. कॅमेरा दिला की बोटं आपसूक जागेवर जातात. अजून जातात. किती दिवस जातील, सांग ना.

क्लाइव्ह : मग जुळवायला लावूच नका तिला. घाईत आम्ही पेपरवाले तरी कुठे जुळवायचो? अंतर आधी तुम्ही काचेवर पक्कं करा, स्क्रू आवळा, कॅमेऱ्याला तेवढीच दोरी बांधा. ताणल्यावर दोरी संपेल तिथं फोटोतल्या माणसाची खुर्ची. फ्लॅश लावा, भिंगाचं भोक बारीक ठेवा. तिनं फक्त दाबायचं.

डेस : ही फसवणूकच झाली की आईची.

ग्लेनिस : डेस, गप्प बस.

क्लाइव्ह : फसवणूक कसली? धंदाच असा होता, अंतर आधी ठरवून नुसतं दाबायचं. दोरी ती स्वतःच मागेल, बघा.

ग्लेनिस : हा कॅमेरा बांधून द्या.

क्लाइव्ह : फोटो कुणाचा काढायचाय तिला?

ग्लेनिस : आमचा. घरातले आमचे फोटोही पुरात गेले. रोज विचारते, भिंतीवरची पोरं कुठं गेली.