वाघाची शिंक

हेवॉन : आई, रागावू नका हं. गिरणीवाल्यानं विचारलं, मिरची कशी दळू? मला वाटलं, चांगली म्हणजे बारीकच असणार. म्हटलं, अगदी पिठासारखी कर.

ओकपुन : सगळी?

हेवॉन : सगळी. बियासुद्धा काढून.

ओकपुन : अगं बाई! कोबी कालपासून मिठात पडलाय, उद्या उजाडताच अख्खी आळी किमची घालायला आपल्या अंगणात बसणार, आणि तू माझ्या उन्हात वाळवलेल्या मिरचीची गालाला लावायची पावडर करून आणलीस?

हेवॉन : पण मिरची तीच ना? दळण्यानं काय फरक पडतो?

ओकपुन : जीभ काढ. ठेव चिमूटभर.

हेवॉन : हाऽऽ! लगेच झोंबली!

ओकपुन : बारीक ही अशीच, दारातूनच ओरडत येते. किमचीत घातलीस तर पाणी गढूळ, आणि कोबी चिखलात लोळल्यासारखा. भरड असते ती सावकाश भिजते, फुगते, पानाला चिकटून बसते. मग गोडवा सोडते. बारकी जायची गोचुजांगच्या आंबवलेल्या चटणीच्या रांजणात, तिथं खळ हवी म्हणून.

हेवॉन : म्हणजे उद्या सगळ्याजणी म्हणणार, बुसानची सून आली नि पहिल्याच किमचीचा चिखल केला. मी माहेरी जाते.

ओकपुन : जा की. पण आधी ती पिशवी उचल आणि माक्रेकडे चल. तिच्याकडे भरड आहे.

हेवॉन : शेजारच्या माक्रेमावशी? त्यांची तर भट्टीत वाळवलेली मिरची! तुम्हीच म्हणता, ती मिरची नव्हे, वाळलेली चप्पल.

ओकपुन : ते तिच्यासमोर म्हणू नकोस. मी म्हटलंय तेवढं पुरे.

(माक्रेच्या ओट्यावर.)

माक्रे : आज इकडे कुठं वाट चुकलीस, ओकपुन?

ओकपुन : काय सांगू बाई, आमच्याकडे वाघ आला होता.

माक्रे : तुझ्याकडे कधी मांजर येतच नाही, येतो तो वाघच.

ओकपुन : ऐक तर. छपरावर मिरची वाळत होती. मेल्यानं हुंगली आणि असा शिंकला, असा शिंकला, की सगळ्या मिरचीचं जागच्या जागी पीठ! मिशा अजून कौलात अडकल्यात.

माक्रे : आणि बिया?

ओकपुन : त्या त्यानं आधीच काढल्या. टापटिपीचा होता बिचारा.

माक्रे : हं. सूनबाई, तू का गं रडवेली?

ओकपुन : वाघाला घाबरली. हे बघ, तुला गोचुजांग घालायचंय ना? हे पीठ तू घे, तुझी भरड मला दे.

माक्रे : भट्टीतली? ऊन न पाहिलेली, हिरव्या देठाची? भरबाजारात म्हणाली होतीस.

ओकपुन : रंगाबद्दल म्हणाले होते. चवीबद्दल कशी बोलेन? कधी चाखलीच नाही.

माक्रे : मग चाख आता.

ओकपुन : (चिमूटभर जिभेवर ठेवते, मग आणखी एक चिमूट उचलते.)

माक्रे : काय?

ओकपुन : गोड आहे मेली.

माक्रे : ऐकू नाही आलं.

ओकपुन : गोड आहे! झालं समाधान?

हेवॉन : मावशी, वाघबिघ काही नव्हता. मीच गिरणीत...

माक्रे : गप गं पोरी. वाघच होता. मीसुद्धा पाहिला. पिशवीचं तोंड नीट धर, सांडेल.