घंटेची जीभ कुणी धरली?

मंडळी, आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही — पैज लावतो! तशी माझ्यावर विश्वास ठेवायची तुमची सवय मोडून बरीच वर्षं झाली म्हणा. तरी ऐका. आज गावोगावचे फौजी भाऊ आलेत, त्यांच्या घरची माणसं आलीत, म्हणून एकच प्रश्न घेऊन उभा आहे. बरं व्हायचं तर विश्वास लागतो, हे पाळकसाहेब दर रविवारी सांगतात. पण कुणाचा? आजाऱ्याचा, की शेजाऱ्याचा?

थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट!

याच गावचा हवालदार शद्रक ओहोळ. — वळून बघू नका! बसलाय तो इथंच, त्याला विचारूनच सांगतोय. सतरा वर्षं फौजेत काढून शद्रक घरी आला. सुवार्तानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, अंगण सारवलं, पुरणाचा घाट घातला, आणि पहिल्याच रविवारी नवऱ्याला घेऊन देवळात आली. मधल्या बाकावर बसली. इतकी वर्षं शेजारची जागा रिकामी ठेवून बसायची, आज ती भरली होती. बाई नुसती त्या जागेकडे बघत होती.

आता आमची घंटा! गोऱ्या मिशनऱ्यांनी आणलेली. तिच्या आवाजानं पलीकडच्या गावातलं दूध नासायचं, आणि कोंबड्या वेळेआधी अंडी घालायच्या. घंटा वाजवणाऱ्या थोमानं दोरी ओढली, पहिला टोला पडला, आणि शद्रक सुवार्ताला धरून जमिनीवर पालथा! तिच्या डोक्यावर हात, अंगावर स्वतःचं अंग.

लोकांना वाटलं, घेरी आली. मग कोणी तरी हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसला रूबेन शिंपी. त्याचं हसू त्याच्या पोटाएवढंच मोठं! मग बाकीचेही हसले. मीही टाळ हातात घेऊन बघतच राहिलो.

शद्रक उठला, कपडे झटकले, आणि बाहेर गेला. तो पुन्हा आलाच नाही.

का, ते सुवार्ताला पुढं त्यानंच सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, भाकरी मोडावी तसं. बर्फातल्या चौकीवर तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी टरफल टांगलेलं असायचं. धोका दिसला की ते वाजवायचं, आणि ते वाजलं की असशील तिथं आडवं व्हायचं. एका सकाळी ते वाजलं. शद्रक आडवा झाला. त्याचा जोडीदार बलजीत चहासाठी बर्फ भरून आणायला पाच-पन्नास पावलं पुढं गेला होता. शद्रक उठला. बलजीत उठला नाही.

“घंटा वाजली की मी बलजीतला हाक मारायला तोंड उघडतो,” त्यानं सुवार्ताला सांगितलं, “आणि तोंडात माती असते.”

बाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली. पण दर रविवारी घंटा झाली की तिला दिसायचं, तो गोठ्यात म्हशीच्या पोटाला कान लावून उभा राहतो. आवाज येऊ नये म्हणून. आणि बाई एकटी देवळात यायची, शेजारची जागा रिकामी ठेवून बसायची. नवरा सरकारनं परत दिला, पण त्या जागेवर तो येईना! तिचं मागणं एवढंच होतं, मंडळी. ती जागा.

आणि मग चमत्कार झाला. इथून पुढं तुम्ही विश्वास ठेवणार नाही!

एका शनिवारी, भर दुपारी, गाव पेंगलेलं असताना स्वर्गातून एक देवदूत उतरला आणि त्यानं आमच्या घंटेची जीभ, म्हणजे आतला लोलक, मुठीत धरली. चांगला पांढऱ्या वस्त्रातला देवदूत! जरा म्हातारा होता, शिडी चढताना धापा टाकत होता. देवदूताला शिडी कशाला, असं मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी थोमानं दोरी ओढली. घंटा हलली, पण आवाज नाही! थोमा घाबरला, सरळ कान साफ करून घ्यायला बाजाराच्या गावी गेला. त्या रविवारी उपासनेला तीन माणसं आणि एक शेळी. मग करणार काय? लोक एकमेकांच्या दारात जाऊन हाक मारायला लागले. ज्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, तेही!

मी तर लगेच जालन्याकडे चार महिने कीर्तनांना गेलो. परत आलो, तरी घंटा मुकीच. देवदूताचा हात दुखत नव्हता काय, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

शद्रकच्या दारात हाक मारायला कोण जायचं? रूबेन शिंपी! कुणी सांगितलं नव्हतं. कुंपणाबाहेर उभा राहायचा, “हवालदार, उपासनेची वेळ झाली,” एवढं म्हणायचा आणि निघून जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा. सुवार्ता चुलीपाशी श्वास धरून ऐकायची.

एकदा शद्रक दारात आला.

“घंटा झाली नाही.”

“नाही होत आता,” रूबेन म्हणाला. मग कुंपणाला हात टेकून, “त्या दिवशी मी हसलो होतो.”

“ऐकलं होतं मी.”

“येता का?”

“मागं बसेन. दाराशी.”

“बसा की. मी तुमच्या पुढं बसतो. आडोसा बरा होईल, मी रुंद आहे.”

आणि तो आला, मंडळी! रूबेनच्या पाठीआड, दाराशी. सुवार्तानं काय केलं? मधला बाक सोडला आणि दाराशी जाऊन बसली. जागा नवऱ्यापाशी सरकवली तिनं! इतके दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही, आणि मी तर दोन तास उपदेश करतो.

पुढं पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आला. पहाटे शद्रक थोमाला म्हणाला, आज घंटा वाजली पाहिजे, आणि वाजवणार मी. सुवार्तानं खाली शिडी धरली. तो वर गेला, बराच वेळ वरच होता. खाली उतरला, दोरी हातात घेतली, आणि ओढली.

टोला पडला! त्याचे गुडघे वाकले. सुवार्ता पुढं झाली. पण या वेळी तो पालथा पडला नाही. गुडघ्यांवर थांबला. तसाच गुडघ्यांवर, दोरी हातात धरून, त्यानं बलजीतचं नाव घेतलं. मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. आणि तोंडात माती नव्हती.

अजूनही तो दाराशीच बसतो. फटाके वाजले की अजूनही उठून जातो. प्रभूनं त्याला एका दिवसात बरं केलं, असं मी म्हणणार नाही. मी इतका खोटा नाही. पण फौजी भावांनो, वहिनींनो, गाववाल्यांनो, विचारून जा आपापल्या मनाला — तुमच्या गावात अशी कुठली घंटा आहे, जी तुम्हाला गोड वाटते आणि दुसऱ्याला पालथं पाडते? तिची जीभ धरायला तुमच्याकडे देवदूत आहे काय? आमच्याकडे होता! एकच, पण —

कोण ते? दाराशी कोण उठलं? हवालदार?

“बुवा, देवदूत तपकीर ओढतो काय?”

हसू नका रे! काय म्हणायचंय, हवालदार?

“त्या पहाटे घंटेच्या जिभेवरचं सगळं मीच सोडलं. तळाला तुमचं उपरणं होतं, झिजून चिंध्या झालेलं. तपकिरीचे डाग होते.”

तळाला? म्हणजे वर आणखी काही होतं?

“त्यावर पाळकसाहेबांचा टॉवेल. त्यावर रूबेनच्या दुकानातली कापडं, चांगली टाके घालून शिवलेली. आणि सगळ्यात वर माझाच लोकरी मफलर, फौजेतला. हिनं बांधलेला. ही बाई खाटेवर उभी राहायला भिते.” तो खाली तिच्याकडे बघतोय, मंडळी, आणि ती पदरात तोंड लपवतेय. “एकच देवदूत नव्हता, बुवा. तेवढं खोटं सांगू नका.”