मागच्या दारानं आलेला साहेब

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही अडवलं का नाही?" अहो, अडवलं का नाही म्हणजे काय? हे कपाळावरचं टेंगूळ काय मी हौसेनं वाढवलंय? अडवतानाच आलंय हे, दीड महिना झाला तरी बसत नाही. जरा उजेडात या, नीट बघा, झाऱ्याची भोकंसुद्धा उमटलीत. पितळी झारा, जुन्या काळचा, उचलायलाच दोन हात लागतात, आणि ज्या बाईनं तो एका हातानं उचलून मला हाणला ती माझी सख्खी आत्या आहे. आणि मी, तुम्हाला सांगतो, मुंगीसुद्धा न मारणारा माणूस.

आमच्या घरामागे ती बाग आहे ना, म्हणजे बाग म्हणायचं, पण आहे तीन गोष्टींची मिळून. आधी चालायची पायवाट, मग पाणथळ, आणि टोकाला एका धान्यव्यापाऱ्याचा जुना बंगला. लोक येतात. येऊन काय करतात? पायवाटेवर फोनवर भांडतात, पाणथळीकडे बघून "डास असतील" म्हणतात, आणि बंगल्यात शिरून विचारतात, "बाथरूम कुठंय?" एवढा इतिहास, एवढा निसर्ग, आणि माणसाला हवं काय तर बाथरूम. मी कॉलेज संपल्यापासून दर रविवारी तिथे फुकट राबतो. लोकांना पायवाटेनं नेतो, हळू बोला म्हणून हात जोडतो, ही पाणथळ आहे म्हणून पावसाळ्यात तुमच्या घरात पाणी शिरत नाही हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. ते ऐकतात, मान डोलावतात, आणि रिकामी पिशवी पाण्यात टाकतात.

तर अशात बातमी आली की अर्धी पाणथळ बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करणार. का? तर बंगला बघायला येणाऱ्यांना चालावं लागतं. चालायच्या बागेत चालावं लागतं ही तक्रार, आणि तिच्यावर इलाज म्हणून पाणथळ बुजवायची... माझं डोकंच फिरलं. बागेच्या खात्याच्या साहेबांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. मूठ मला लागली, टेबलाला काही झालं नाही. म्हटलं, "साहेब, एकदा येऊन बघा. नुसतं बघा. आणि या पाणथळीसाठी मी वाटेल ते सहन करायला तयार आहे." साहेब म्हणाले, "वाटेल ते?" मी म्हटलं, "वाटेल ते." हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो, साहेब विसरले नाहीत.

साहेब म्हणाले, "रविवारी येतो, बघतो, तिथंच सांगतो, भरायची की ठेवायची."

आता त्या बंगल्याचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या बंगल्यात पूर्वी एकदा चोरी झाली होती. म्हणजे होता होता राहिली. चोर पाणथळीतून चिखल तुडवत आला, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं शिरला आणि पकडला गेल्यावर बेधडक म्हणाला, "मी सरकारी माणूस आहे, तपासणीला आलोय." त्यावर स्वयंपाकीणबाई म्हणाली, "सरकारी माणूस पुढच्या दारानं येतो आणि पायांत जोडा घालून येतो," आणि त्याला झाऱ्यानं बडवला. मग मालक काठी घेऊन आले, त्यांनी बडवला. हा प्रसंग आम्ही दर रविवारी त्याच स्वयंपाकघरात करून दाखवतो. लोक दोरीपलीकडे बाकांवर बसून बघतात. संवाद माझे. मालक झालेत शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. स्वयंपाकीण आमची आत्या, जन्मभर नर्स होती, माणूस कुठं मारला की मरत नाही हे तिला बरोबर ठाऊक. आणि चोर कोण? मी. दुसरं कोण मिळणार? दर रविवारी मार खातो. आत कापसाचा जाड कोट घालतो, म्हणून आत्या हातचं राखत नाही. "लोकांना खरं वाटायला हवं रे," म्हणते. आणि मी तर मुंगीसुद्धा न मारणारा माणूस, मला मार खायला काय हरकत?

आता एक नियम. हा नियम मी केला आणि हा नियमच माझ्या मुळावर आला. झालं असं की एकदा ऐन मारामारीत आत्याचा फोन वाजला. बाईनं मला गुडघ्याखाली दाबून ठेवलं, फोन घेतला आणि बहिणीशी बोलत बसली, "अगं नाही, कामात आहे... नाही, बोल की, सूज उतरली का?" लोक हसून लोळले. माझा इतिहास गेला पाण्यात. त्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, भूमिका सोडायची नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. नुसतं बजावून थांबलो असतो तर ठीक होतं, पण मी त्यांची परीक्षा घ्यायला लागलो. तालमीत मध्येच ओरडायचो, "आग लागली!" सुरुवातीला पीटी सर बादली शोधायला पळायचे. मग सरावले. पुढे पुढे आग लागली म्हटलं की सर मला एक काठी जास्त घालायचे. मला काय अभिमान वाटायचा, तुम्हाला सांगतो.

तर त्या रविवारी मी साहेबांबरोबर असणार, मग चोर कोण? आमच्या गल्लीतल्या शिंप्याला तयार केला. लाजाळू माणूस, पण अंगकाठी चोराची. बंगल्यातल्या कुणीच त्याला पाहिलेला नव्हता. आत्याला सांगितलं, "आज चोर नवा आहे, अडखळेल, सांभाळून घे." आत्या म्हणाली, "तू काळजी करू नकोस, मी त्याला मोकळा करते." केला.

साहेब आले. पायांत नवे कोरे बूट, हातात छत्री, कानाला फोन. पायवाटेवर मी खुणेनं सांगतोय, हळू, हळू... आणि साहेब फोनवर, "हो हो, बऱ्याच गाड्या मावतील, मी उभाच आहे तिथं!" आणि ते उभे कुठे होते? फौजदाराच्या घरट्यापाशी.

फौजदार म्हणजे आमचा नर हंस. तुम्ही चित्रातला हंस डोळ्यांसमोर आणू नका, ती मान, तो डौल, ते तळ्यातलं चांदणं... ते सगळं कवींनी लांबून बघून लिहिलंय. जवळून हंस म्हणजे पंख लावलेला गुंड. मादी अंड्यांवर बसली की हा वाटेवर गस्त घालतो. मी स्वतः त्या दिवसांत त्याला वळसा घालून जातो. मी साहेबांची बाही ओढली. म्हटलं, "साहेब, मागे या, हळूच, त्याच्या डोळ्यांत बघू नका." साहेबांनी फोन बाजूला धरला, फौजदाराकडे पाहिलं आणि विचारलं, "हे बदक का?"

इथपर्यंतसुद्धा एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी छत्रीच्या टोकानं त्याला ढोसलं.

पुढचं मी सावकाश सांगतो, कारण घडलं फार भराभर. फौजदारानं आधी छत्री घेतली. मोडली. मग मान लांब करून साहेबांना मागून असा काही चिमटा काढला की फोन पाण्यात, आणि फोनमधून अजून आवाज येतोय, "साहेब, किती गाड्या म्हणालात?" साहेब पळाले. पायवाटेनं पळाले असते तर वाचले असते, पण माणूस घाबरला की सरळ पळतो, आणि सरळ पाणथळ होती. गुडघाभर चिखल. मागे फौजदार, पंखांनी फटाफट हाणतोय, पोटऱ्या सोलतोय, पाठीवर चढतोय, फुत्कारतोय असा की माझ्याच अंगावर काटा. साहेबांचा एक बूट चिखलात रुतला तो रुतलाच. मी मागून पळतोय, बूट उपसतोय, ओरडतोय, "साहेब, वाकू नका!" साहेब वाकले. फौजदारानं नाक धरलं.

आणि त्याच वेळी बंगल्यातली घंटा वाजली. म्हणजे खेळ सुरू. चोरानं आत शिरायचं.

आता तुम्ही म्हणाल, शिंपी कुठे होता? शिंपी होता की. वेळेआधी येऊन, कोट घालून, वेताच्या झुडपात दबा धरून बसला होता, आणि फौजदारानं त्याला सकाळीच झाडावर चढवलं होतं. तो वरून सगळं बघत होता. त्यानं हाक का मारली नाही? लाजला.

साहेबांना समोर दिसलं एक दार. मागचं दार. ते त्यांनी खांद्यानं ढकललं आणि स्वयंपाकघरात जाऊन आडवे पडले. अंगभर चिखल, नाकातून रक्त, एका पायात बूट आणि एक पाय उघडा. बाकांवर गच्च लोक. चुलीपाशी आत्या, हातात झारा. आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, तिला वाटलं, वा, नव्या चोरानं काय तयारी केलीय. आणि साहेब उठून बसले, धापा टाकत म्हणाले, "बाई... मी सरकारी माणूस आहे... तपासणीला आलोय."

अहो, शब्दन् शब्द. मी लिहिलेला शब्दन् शब्द.

आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सरकारी माणूस पुढच्या दारानं येतो आणि पायांत जोडा घालून येतो." आणि दिला झारा. खांद्यात. साहेब ओरडले, "अहो खरंच!" आत्याला वाटलं, बिचारा संवाद विसरला, सांभाळून घ्यायला हवं. म्हणून दुसरा दिला. कापसाचा कोट नाही हे हाताला कळायला नको? नंतर मी तिला विचारलं. म्हणाली, "कळलं रे, हाड लागलं. म्हटलं, नवा मुलगा किती जीव ओतून करतोय, कोटसुद्धा घातला नाही." मग पीटी सर काठी घेऊन आले. साहेब टेबलाखाली शिरले, सरांनी तंगडी धरून बाहेर ओढले. साहेबांनी सरांच्या मनगटाचा चावा घेतला. हे आमच्या प्रसंगात नाही, पण सर बधले नाहीत, त्यांनी तेही खेळातलंच धरलं आणि साहेबांचा हात असा पिळला की कट्कन आवाज झाला. बाकांवर टाळ्या. मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "मागच्या वेळचा चोर अगदीच मिळमिळीत होता."

मी तेव्हा दारात पोचलो. हातात साहेबांचा बूट. ओरडलो, "थांबा, हा चोर नाही!" पीटी सरांनी मला पाहिलं. दर रविवारी मला चोर म्हणून बघायची सवय, दुसरं काय. गरजले, "साथीदार सापडला!" लोक उभे राहिले. मी ओरडलो, "सर, भूमिका सोडा! खरं सांगतोय, खेळ थांबवा!" आणि आत्याच्या चेहऱ्यावर मला ते हसू दिसलं. ओळखीचं. तालमीतलं. मी आग लागली म्हटलं की यायचं ते. ती मायेनं माझ्याजवळ आली, हळूच कानात म्हणाली, "या वेळी नाही फसणार हं, बाळा," आणि झारा माझ्या कपाळावर.

थांबलं कधी? शिंपी दारात येऊन उभा राहिला तेव्हा. चोराचा कोट, केसांत पाला. चोरासारखाच उभा. म्हणाला, "उशीर झाला का?"

मग जी शांतता पसरली, तुम्हाला सांगतो, ती मला पायवाटेवर इतक्या वर्षांत कधी मिळाली नव्हती. आत्यानं एकदा शिंप्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, झारा खाली ठेवला, आणि पुढच्या क्षणी ती नर्स. साहेबांचं मनगट बघितलं, लाटण्याला बांधलं, नाकाचं रक्त थांबवलं, वर त्यांनाच दरडावलं, "हलू नका, काही एवढं लागलेलं नाही." ज्या हातानं मोडलं त्याच हातानं... नाही, हात मोडला सरांनी, आत्याचा फक्त खांदा.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. वाटेत स्वतःला शिव्या घालत गेलो. पाणथळ गेली, माझ्यामुळे गेली, मुंगीसुद्धा न मारणाऱ्या माणसानं स्वतःच्या लेखणीनं एक अख्खी पाणथळ मारली. साहेब प्लास्टरमध्ये. नाकावर पट्टी. मी हात जोडले. म्हटलं, "साहेब, पोलिसांत जायचं तर मला द्या, आत्याचं वय झालंय. पण त्या पाण्यावर राग काढू नका."

साहेब म्हणाले, "त्या जागी गाड्या? त्या बदकाच्या तोंडी मी लोकांच्या गाड्या देऊ? एकही माणूस तिथं जाता कामा नये. कुंपण घाला, उंच. कायमचं बंद."

मला रडूच आलं. म्हटलं, "साहेब, हंस आहे तो. आणि कुंपण, म्हणजे मलाही..."

"तुम्हालाही बंद."

वाचली, तुम्हाला सांगतो. अख्खी वाचली. प्रेमानं नाही वाचली, भीतीनं वाचली, पण पाण्याला काय त्याचं? आता मी कुंपणाबाहेरून दुर्बीण लावतो आणि फौजदार आतून जाळीला चोच मारतो.

निघताना साहेब म्हणाले, "आणि तक्रारही करणार नाही. फक्त एक आहे. तुम्ही म्हणाला होता ना, पाणथळीसाठी वाटेल ते सहन करीन?"

म्हटलं, "म्हणालो होतो."

आता प्लास्टर निघालंय. पीटी सरांच्या मनगटावर दातांचे व्रण आहेत, त्यांनी काठी खाली ठेवली. तर दर रविवारी मालकाची भूमिका साहेब करतात. पुढच्या दारानं येतात, दोन्ही बूट घालून. काठी स्वतःची आणतात. भूमिका अजिबात सोडत नाहीत, नियम पाळणारा माणूस. कापसाचा कोटही त्यांनी बंद केलाय, म्हणतात लोकांना खरं वाटायला हवं. आणि आत्या म्हणते, "बघ, साहेब किती जीव ओतून करतात."

चला, उठतो. जरा हात द्या, कंबर धरलीय... आज रविवार, घंटा व्हायची वेळ झाली.