नाही उतरली तरी पुढे जा

दादा : तो लॅपटॉप मिट आधी. ते काम सोडून मला आठ महिने झाले, चिमे. आता मी शाळेत पोरांना माउस धरायला शिकवतो.

बहीण : दादा, दहाच मिनिटं. उद्या त्या मुलीला कामावरून काढणार आहेत रे. तुझ्या जागी आली ना, तिला.

वहिनी : आणि तिच्यासाठी धावत आलीस होय! सख्ख्या भावाला घरी बसवलं तेव्हा नाही कुणाच्या दारात गेलीस.

दादा : अगं, असू दे.

वहिनी : का असू दे? तपासणीचा रिपोर्ट हिनेच लिहिला, सही हिनेच केली. तुमच्या कोडमध्ये खोट आहे म्हणून. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसलीय!

बहीण : बोल वहिनी, बोल. ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच आलेय मी. पण दादा, तिच्या कोडमध्येही अगदी तीच चूक येतेय. हॉस्पिटलच्या हजेरीत महिन्याच्या शेवटच्या रात्री दहाला आलेली नर्स सकाळी सहाला घरी गेली, तर पाळीचे आठ तास दाखवायचे सोडून बत्तीस दाखवतंय. तुझंही असंच यायचं ना? आणि तिने तर सगळं नव्याने लिहिलंय. तुझी एक ओळ घेतलेली नाही.

दादा : तिच्या स्वतःच्या मशीनवर चालवलं तर?

बहीण : तिथे बरोबर येतं.

दादा : माझंही बरोबर यायचं.

बहीण : हो. म्हणून तर चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

दादा : सरक जरा. नको, तूच बस. माझा चष्मा कुठे गेला?

वहिनी : डोक्यावर आहे.

दादा : हं. तो टेस्टचा कंटेनर सुरू कर. टेस्ट चालवू नकोस, नुसती आत जा.

वहिनी : कसला कंटेनर?

दादा : डबाच समज. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं आत भरायचं आणि झाकण लावायचं. मग कुणीही, कुठेही उघडो, आत तेच मिळणार. म्हणून सगळ्यांच्या टेस्ट त्याच्यात चालवतात. तिथे पास तर खरं पास.

वहिनी : आणि डब्यातच खोट असली तर?

दादा : चिमे, गेलीस आत? तारीख-वेळेचा हिशोब करणारी ती तयार कोडची लायब्ररी आहे ना, तिची आवृत्ती विचार.

बहीण : चारच असणार. थांब... हे काय? दोन दाखवतंय!

दादा : दोनमध्ये तर महिनाअखेरीचा घोळ होता. सगळ्या दुनियेला माहीत होता. म्हणून तर आपण चार घेतली.

बहीण : पण डब्यात काय काय हवं त्या यादीत चारच लिहिलीय, दादा! सुरू होताना दर वेळी नेटवरून चार उतरवून घेतो तो.

दादा : आतून बाहेरच्या नेटवर जाता येतंय का बघ. कुठलाही पत्ता घे.

बहीण : नाही. काही उत्तरच नाही, नुसता लटकून बसलाय. अगं बाई! सुरक्षावाल्यांनी बंद केलं होतं. टेस्टच्या मशीनना बाहेरचं नेट नाही, असा मेल आला होता. गेल्या वर्षी.

दादा : म्हणजे नवी उतरतच नाही, आणि डबा भरताना ठेवलेली जुनी तशीच राहते. कळलं. पण मग उतरली नाही तर तिथेच थांबायला हवं ना? बोंब मारायला हवी. हा गपगुमान पुढे कसा जातो? सुरुवातीची फाइल उघड.

बहीण : उघडली. लायब्ररी उतरव. नाही उतरली तरी पुढे जा. चूक दाखवू नको. असं लिहिलंय.

दादा : कोण हा शहाणा? ओळीपुढे नाव आणि तारीख येईल, बघ.

वहिनी : वाच ना. कुणाचं नाव आहे?

दादा : चिमे?

बहीण : माझं नाव आहे.



बहीण : त्या आठवड्यात नेट सारखं जायचं-यायचं. टेस्ट बंद पडल्या म्हणून दर तासाला कुणीतरी येऊन माझं डोकं खायचं. म्हटलं, तात्पुरतं करून ठेवू, नेट सुधारलं की काढून टाकू. विसरले. आणि तीन आठवड्यांनी तुझा रिपोर्ट लिहिला.

वहिनी : हे डॉक्टरांकडे जाऊन आले, माहितेय तुला?

दादा : कशाला ते आता?

वहिनी : कळू दे ना तिला! घरी दहादा चालवायचे, दहाही वेळा बरोबर. ऑफिसात गेलं की चूक. म्हणायला लागले, माझी चूक मलाच दिसत नाहीये, डोकं गेलं माझं. सत्तेचाळीसाव्या वर्षी विसरण्याचा आजार तपासायला गेले. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं ह्यांना. मी बाहेर बाकावर बसून रडत होते.

बहीण : दादा...

दादा : घड्याळ बरोबर आलं गं. काळजी करू नकोस.

बहीण : दोन मुस्काटात मार मला. काहीतरी बोल तरी!

दादा : आधी त्या मुलीचं बघ. साहेबांना फोन लाव.

बहीण : आज रविवार आहे.

दादा : आणि उद्या सोमवार आहे. लाव.

बहीण : हॅलो, सर. हो, सुट्टीचा त्रास देतेय. सर, तिचा कोड बरोबर आहे. कंटेनरमध्ये लायब्ररी जुनी होती, आणि ते झाकणारी ओळ माझी होती. हो, माझीच. आणि सर, माझ्या भावाचाही कोड बरोबर होता. हो, तेव्हाही. लेखी देते. आजच देते.

वहिनी : काय म्हणाले?

बहीण : तिला नाही काढणार. आणि दादा, तुला परत बोलावलंय.

दादा : नको गं.

बहीण : अरे, का नको? आता तर सिद्ध झालं सगळं!

दादा : मागच्या आठवड्यात शाळेच्या हजेरीसाठी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. साधी बेरीज. चालला. तरी मी कागद घेऊन बोटांवर मोजत बसलो, तीनदा. हे असं झालंय माझं. साहेबांनी बोलावून ते जाणार आहे का?

बहीण : तू तेव्हा भांडायचंस रे माझ्याशी! एकदा तरी विचारायचंस, आत कुठली लायब्ररी आहे म्हणून.

दादा : विचारलं होतं. जिन्यात, चहाला जाताना. तू म्हणालीस, चारच आहे.

बहीण : यादी बघून सांगितलं असणार मी. आत जाऊन नव्हतं बघितलं. पण तू का नाही बघितलंस? एका मिनिटाचं काम होतं, दादा!

दादा : तू सांगितलंस ना. मग मी कशाला बघू?