रणगाड्याबाहेरचं डोकं

यंत्रापुढे माणसाचे डोळे काय कामाचे, असं कुणी म्हटलं की मला सुभाष आठवतो. सुभाष म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा मुलगा, फौजेत रणगाड्यावर. दोन हजार दहा सालच्या आसपास बढतीचे पेढे घेऊन धुळ्याजवळच्या आमच्या नरडाण्याला आला. आईला म्हणाला, "माय, काळजी सोड. आम्ही आत बसतो. अंधारात, धुरात यंत्रच ऊब हेरून समोरची गाडी दाखवतं."

मला शंका आली की मी गप्प बसत नाही. विचारलं, "अरे, गाडी शत्रूचीही तापते, आपलीही तापते. आपली कोणती, हे यंत्राला कळतं?"

"नाही अक्का. तेवढं कमांडर झाकणातून डोकं बाहेर काढून बघतो."

"गोळ्या चालू असताना?"

"वेळ पडली तर तेव्हाही."

"आणि बढती मिळून तू कोण झालास?"

त्याने माझ्याकडे डोळे वटारले. मग हळूच म्हणाला, "कमांडर."

माझी जीभ मीच चावली. जाऊ आता रडणार, असं वाटलं. पण ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, "मंग बसना काय? आजच धुळ्याले जाय, पयले डाक्टरले डोया दखाडी ये!"