पंगतीत नाचणी

रंगूबाई : तर डॉक्टर, ते आता बरं हायत. पन तुमी कुनाला सांगू नका.

डॉक्टर : बरे म्हणजे किती बरे, ते नीट सांग. कुमुद, वही घे. रविवार, सव्वीस एप्रिल, एकोणसाठ.

रंगूबाई : लिवताय कशाला?

डॉक्टर : नाव लिहीत नाही. आकडा लिहितो. तुझा हैबती सदतीस.

रंगूबाई : सदतीस काय?

डॉक्टर : सदतिसावा रोगी. रक्त थांबलं?

रंगूबाई : तुमच्या लेकीसमोर कसं सांगू?

कुमुद : सांगा रंगूबाई. मी महाडच्या शाळेत शिकवते. सुट्टीला इथं पोलादपुरात आले की अण्णा सांगतात आणि मी हेच लिहीत बसते.

रंगूबाई : दोन म्हैनं झालं, रक्त नाय. सकाळी जातात नि पाच मिंटांत येतात. आदी बाळंतपनाला बसल्यासारखं तासभर बसायचे, नि येताना डोळ्यांत पानी.

डॉक्टर : खातात काय?

रंगूबाई : तुमी सांगितलं तेच. नाचनीची भाकर, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला, चवळी. सुकट बंद, मटन बंद, गिरनीवरचा पांढरा तांदूळ बंद. पन पडवीत नाय.

डॉक्टर : पडवीत नाही म्हणजे?

रंगूबाई : पडवीत कोन बसलेलं असलं, की मी ताटात पांढरा भातच वाढते. ते दोन घास चिवडतात, पोट भरलं म्हनतात. मंडळी गेली की चुलीपाशी दार लावून भाकर.

डॉक्टर : आणि उरलेला भात?

रंगूबाई : म्हशीला.

डॉक्टर : मग आता म्हशीला घेऊन यावं लागेल तुला.

कुमुद : अण्णा, पुरे. त्या बिचाऱ्या घाबरल्यात.

रंगूबाई : घाबरू नको तर काय करू गो ताई? ईस वर्सं मुंबईच्या गिरनीत काम केलेला मानूस, नि घरी येऊन नाचनी खातो? आमची पोर आवडी, तिचं लगीन बिरवाडीला ठरलंय. याह्यांना कळलं तर म्हनतील, ह्यांच्या घरात तांदूळ नाय. नि कोंडाजीबाबाला कळलं तर मग अख्ख्या कुडपनला कळलं. तो तुमाला काय म्हनतो, म्हाईत हाय?

डॉक्टर : चोथाडॉक्टर.

रंगूबाई : तुमाला ठावं हाय?

डॉक्टर : मला आवडलं. खोटं काय आहे त्यात? जो चोथा पोटात पचत नाही, तोच पोट झाडून काढतो. तो तुम्ही गिरणीत काढून टाकता, पांढरं ते चांगलं म्हणून, आणि मग माझ्याकडं गोळ्या मागता.

रंगूबाई : मी बोलत नाय तुमाला काय. माजा मानूस बरा झाला. पन तुमी…

डॉक्टर : नाही सांगणार. शब्द दिला. पण रंगू, तू सांग की कधीतरी.

रंगूबाई : मी? कुनाला?

डॉक्टर : कुणालाही. पाणवठ्यावर, लग्नात. मी सांगितलं तर डॉक्टरचं खूळ. तू सांगितलंस तर खरं.

रंगूबाई : येते मी. पायथ्याची गाडी चुकंल.

डॉक्टर : ये. हैबतीला सांग, उद्या मी वर कुडपणला येतोय. आणखी दोघांना तपासायचंय.

कुमुद : गेल्या. अण्णा, सदतीस माणसं बरी झाली आणि एक बोलत नाही. तुम्हाला राग येत नाही?

डॉक्टर : राग कशाचा? पाहुण्यापुढं नाचणी ठेवणं म्हणजे त्याला हलका लेखणं, हे त्यांच्या रक्तात आहे. आणि पोटाचं दुखणं कोण चारचौघांत सांगतो? मला एवढंच वाटतं, की उद्या मी नसलो तर ही सदतीस दारं आतून लावलेलीच राहतील. शेजाऱ्याला मूळव्याध होईल, तो मुंबईला जाऊन कापून घेईल, आणि भिंतीपलीकडं औषध शिजत असेल.

कुमुद : मग काय करायचं?

डॉक्टर : एकदा एका पंगतीत नाचणी वाढलेली बघायची आहे. भर पंगतीत. कुणीतरी मागून घेतलेली.

कुमुद : वाढा ना आपल्याकडं.

डॉक्टर : वाढीन. मागणारा मिळू दे. ते असो, तुझं कसं आहे? दोन वर्षांमागं नुसती वाळली होतीस. आता तोंडावर तेज आहे.

कुमुद : महाडची हवा मानवली असेल.

डॉक्टर : महाडची हवा? ती डासांखेरीज कुणाला मानवल्याचं मी ऐकलं नाही.

कुमुद : काहीतरीच. चला, पानं घेते. माठाची भाजी आहे.

(डॉक्टर फणसे दुसऱ्या दिवशी कुडपणच्या चढणीवर बसले, पाणी मागितलं आणि तिथंच गेले. आज त्यांचा तेरावा. घराच्या पडवीत पानं मांडली आहेत.)

नानाकाका : कुमुद, ही टोपली कसली?

कुमुद : नाचणीच्या भाकऱ्या आहेत, नानाकाका.

नानाकाका : तेराव्याला? दादाच्या तेराव्याला नाचणी? अगं, लोक म्हणतील डॉक्टरमागं घरात तांदूळ उरला नाही. मी महाडहून आंबेमोहर आणलाय, आचारी आणलाय, लाडू वळून झालेत.

कुमुद : भात वाढा, लाडू वाढा. सोबत हीही वाढायची.

नानाकाका : हे बघ, तो माझा मोठा भाऊ. आमच्या घराण्यात सोडे-सुकट सोडणारा तो पहिला. मी कधी बोललो नाही. पण आज बाहेर काय चाललंय, ऐकलंस? म्हणतायत, एवढा पाला खाऊन माणूस एकसष्टाव्या वर्षी गेला, मग मिळवलं काय?

कुमुद : अण्णांचं काळीज लहानपणीच्या तापात बिघडलं होतं. ते तुम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत होतं. ते कधी म्हणाले नाहीत की भाजीनं काळीज बरं होतं. पोटाचं म्हणाले.

नानाकाका : मला माहीत आहे गं. पंगतीला कुठं माहीत आहे? टोपली दिसली की हसतील. आजच्या दिवशी त्याला हसलेलं मला ऐकवणार नाही.

कुमुद : मलाही नाही ऐकवणार. पण त्यांना एकदा हे बघायचं होतं.

नानाकाका : बरं. एक कर. टोपली माजघरात राहू दे. कुणी आपणहून मागितली, तर वाढ. कुणी मागितली नाही, तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही.

कुमुद : कबूल.

नानाकाका : मी पाणी सोडतो. तू वाढणाऱ्या बायकांकडं बघ.

रंगूबाई : ताई, भाताचं पातेलं माज्याकडं द्या. मी वाढते.

कुमुद : रंगूबाई, तुम्ही खाली आलात. बरं वाटलं.

रंगूबाई : अख्खं कुडपन आलंय. पहाटेचे निघालो. ताई, तुमच्या काकांचं ऐकलं मी. तुमी काय मला बोलाल म्हनून…

कुमुद : मी काही बोलणार नाही.

रंगूबाई : ह्यांच्या शेजारीच बिरवाडीचे याही बसलेत. पलीकडं कोंडाजीबाबा. लगीन पंधरा दिसांवर हाय.

कुमुद : समजतं मला. मी कुणाचं नाव घेणार नाही. घेऊ म्हटलं तरी येणार नाही. वहीत नुसते आकडे आहेत. रोगी एरवी येऊन जायचे, रविवारी अण्णा मला नुसते आकडे सांगायचे; तुमचं ठाऊक आहे ते त्या दिवशी तुम्ही मी असताना आलात म्हणून. बाकी छत्तीस कोण, ते अण्णांनी मलासुद्धा सांगितलं नाही.

रंगूबाई : तुमाला पन नाय?

कुमुद : शब्द दिला होता ना.

रंगूबाई : लोक तोंडावर चोथाडॉक्टर म्हनायचे, तवा एक नाव घेतलं असतं तर गप बसले असते.

कुमुद : हो.

रंगूबाई : तरी नाय घेतलं.

कुमुद : नाही घेतलं.

रंगूबाई : आनि आता कोन सांगनार?

कुमुद : कुणी नाही. भात निवतोय रंगूबाई.

रंगूबाई : हे पातेलं धरा. ती टोपली द्या मला.

कुमुद : रंगूबाई, आवडीचं लग्न…

रंगूबाई : द्या हो. पदर खोचते नि जाते, नायतर पाय मागं येतील.

नानाकाका : हे काय? बाई, कुणी मागितलंय?

रंगूबाई : मी मागितलंय. माज्या मान्साच्या पानावर. आवो, त्यो भात सरकवा बाजूला.

हैबती : अगो, काय करतेस? याही बसलेत.

रंगूबाई : बसू देत. याही, ऐका. हे मुंबईहून आले तवा ह्यांना मूळव्याध होती. डॉक्टरांनी चार म्हैनं नाचनी नि पालेभाजी दिली, मटन-सुकट सोडवली. आता ठीक हायत. आमच्या घरात तांदूळ हाय, कनगी भरून हाय. तरी आमी नाचनी खातो. सोयरीक मोडायची तर मोडा, पन आज ह्या घरात मी खोटं वाढनार नाय.

हैबती : रंगू, बस कर.

रंगूबाई : तुमी सांगा मग. बरे हाव का नाय?

हैबती : हाव. एकदम फस्क्लास हाव. वाढ. दोन वाढ.

कोंडाजी : रंगू.

रंगूबाई : बोला कोंडाजीबाबा. काय बोलायचं ते एकदाच बोला.

कोंडाजी : हितं पन टाक एक.

रंगूबाई : कुठं?

कोंडाजी : माज्या पानावर. बघतेस काय? तीन वर्सं खातोय मी.

हैबती : बाबा, तुमी? तुमी तर डॉक्टरला…

कोंडाजी : बोलायचो. मोठ्यानं बोललं की कुनाला संशय येत नाय. डॉक्टरला मी तसं सांगून ठेवलं होतं. तो हसायचा, म्हनायचा, शिव्या दे पन पाला खा.

नानाकाका : म्हणजे चोथाडॉक्टर हे नाव तुम्ही पाडलंत, आणि वर त्याचंच औषध?

कोंडाजी : व्हय. माजी चूक. त्यो गेल्यावर कबूल करतोय, ही त्याच्यापेक्षा मोठी चूक. वाढ गो, हात का थांबला तुजा?

रंगूबाई : तिकडं मालोजी हात वर करतोय.

हैबती : मालोजी पन? आरे, माज्या भिंतीला भिंत लावून राहतोस तू.

कोंडाजी : त्याच्या पलीकडचा दत्ताराम पन. बघा, बघा. आता माना खाली कशाला घालता रे? वर करा हात. कोन कोन हाय, कळू दे एकदा.

नानाकाका : अरे, अर्धी पंगत आहे ही.

रंगूबाई : अर्धी नाय, काका. पलीकडची ओळ बघा. ताई, भाकऱ्या पुरनार नाय हो.

कुमुद : पीठ आहे. मी चूल पेटवते.

हैबती : याही, तुमी काय म्हनता?

रंगूबाई : ते काय बोलतील? मी बोलले ते बोलले.

हैबती : काय म्हनता? मोठ्यानं सांगा, हिला ऐकू दे.

कोंडाजी : म्हनतायत, गरम असली तर त्यांना पन वाढ. त्यांचं पन पोट वर्सभर धड नाय. लगीन हाय तसं हाय. पन त्या मांडवात नाचनी मिळंल का, ते आदी सांगा.

रंगूबाई : मिळंल. ताटभर मिळंल.

नानाकाका : कुमुद, ये इकडं. हे तुला बघायला हवं. दादाला… असो. ये तू.

कुमुद : काका, मला बोलायचंय.

नानाकाका : पंगतीत? बायका पंगतीत बोलत नाहीत.

कोंडाजी : आमची रंगू बोलली ना आत्ता. आभाळ तर पडलं नाय. बोल पोरी.

कुमुद : मी फार बोलत नाही. तुमची पानं निवतील. दोन वर्षांमागं मला हाच त्रास होता. रक्त पडायचं. डॉक्टरची मुलगी, पण बापाला कसं सांगायचं? महाडच्या शाळेत कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून दर रविवारी मी वही घेऊन बसायचे, आणि तुम्हाला काय खायला दिलं ते अण्णा आकड्यापुढं सांगायचे, ते लिहिता लिहिता पाठ करायचे. खोलीवर जाऊन तसंच खाल्लं.

रंगूबाई : ताई, तुमी पन दार लावून?

कुमुद : कडी लावून. पाच महिन्यांत सगळं थांबलं. त्यानंतर प्रत्येक रविवारी त्यांनी मला विचारलं, कशी आहेस. मी दर वेळी दुसरंच काहीतरी सांगितलं.

नानाकाका : आता सांग.

कुमुद : अण्णा, मीही तुमचीच रोगी. मी बरी झाले.